मदत हवी आहे: खादीच्या शर्टाची कॉलर फुगते, निळीचा रंग मानेला लागतो

नमस्कार मंडळी. मी मूळची सोलापूरची, पुण्यात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीसाठी पुरुषांच्या कपड्यांचा संग्रह करतेय: चार शर्ट, तीन पँट, दोन बंड्या. विषय घेतलाय शाश्वत पुरुषवेश. परीक्षकांसमोर मांडायला सात आठवडे उरलेत आणि मी तीन ठिकाणी अडकलेय. जरा लांबलचक लिहिते, कारण थोडक्यात विचारलं की "ऑर्गॅनिक कापड वापर" एवढंच उत्तर मिळतं.

आधी हा विषय का घेतला ते सांगते. माझे आजोबा शिंपी होते. कॉलर विरली की लोक शर्ट घेऊन त्यांच्याकडे यायचे. ते कॉलर उसवायचे, पलटून पुन्हा बसवायचे, विरलेली बाजू घडीच्या आत जायची आणि तोच शर्ट आणखी दोन-तीन वर्षं अंगावर दिसायचा. बाकीचा शर्ट धडधाकट असताना फक्त कॉलरपायी तो टाकून द्यायचा, हे त्यांच्या डोक्यातच बसायचं नाही. 'शाश्वत' हा शब्द त्यांनी कधी वापरला नसेल, त्यांचा शब्द 'टिकाऊ'. मला तोच धरून काम करायचंय.

कापड दोन प्रकारचं आहे. शर्टांसाठी वर्ध्याकडची सुती खादी, पन्हा (कापडाची रुंदी) ३६ इंच. पँट आणि बंड्यांसाठी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतल्या कापणीच्या चिंध्या.

पहिली अडचण कॉलरची. खादीला बाजारात मिळतं ते नेहमीचं फ्युजिंग (कॉलर ताठ राहावी म्हणून आतून इस्त्रीने चिकटवायचं कापड) लावलं. शिवल्यावर कॉलर झकास दिसली, पहिल्याच धुण्यात पुरीसारखी फुगली. कापड आधी भिजवून घ्यायचं राहून गेलं होतं, ती चूक माझीच. नंतर ५० सेंटिमीटरचा चौरस आखून धुऊन पाहिला तर ताण्यात (उभ्या धाग्यात) ४७ झाला आणि बाण्यात (आडव्या धाग्यात) ४८.५. म्हणजे एकीकडे ६ टक्के आटला, दुसरीकडे ३. फ्युजिंग अर्थातच तसूभर हललं नाही. शिवाय फ्युजिंगचा गोंद म्हणजे प्लास्टिकच, त्यामुळे ते मनातूनही उतरलंय. पण त्याच्याशिवाय कॉलर उभी राहणार कशी?

दुसरी निळीची. दोन शर्ट नैसर्गिक निळीत रंगवले. भावाने एक दिवसभर घातला आणि संध्याकाळी त्याची मान निळी! आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. शिवून मग रंगवल्यामुळे सगळ्या टिपा पांढऱ्याच राहिल्या, कारण दोरा पॉलिस्टरचा होता.

तिसरी चिंध्यांची. जळण-चाचणी केली तेव्हा टोकाला काळा कडक मणी आला, म्हणजे कापडात पॉलिस्टर आहे. वाया जाणारं कापड वाचवतेय म्हणून याला शाश्वत म्हणावं, की प्लास्टिक आहे म्हणून बाजूला ठेवावं? वर्गात यावर दोन तट पडलेत.

---

प्रतिसाद: जुनी_कात्री

पोरी, आजोबांचं नाव काढलंस, बरं वाटलं. ४० वर्षं शर्ट शिवतोय. फ्युजिंग आलं त्याच्या आधीही कॉलरी उभ्या राहतच होत्या.

बकरम आण, म्हणजे कॉलरीत घालायचं खळ दिलेलं ताठ कापड, सुती. पण ते तसंच कापू नकोस. रात्रभर भिजव, सावलीत वाळव, इस्त्री कर, मग काप. त्याची खळ निघून जाते आणि ते मऊ पडतं, हे खरं. म्हणून तुझ्यासाठी त्याहून चांगला उपाय सांगतो. आतला थर त्याच खादीचा घे, दोन पदर, वरच्या कापडाचा उभा धागा जसा असेल तसाच ठेवून. म्हणजे आटलं तर सगळे पदर एकत्र आटतील आणि फुगायला जागाच उरणार नाही. कडकपणा हवा तर पट्टीवर (कॉलरीचा मानेलगत उभा राहणारा भाग) पाव-पाव इंचावर आडव्या टिपा मार. टिपांनी कापड ताठ होतं. वरून भाताच्या पेजेची खळ ज्याची त्याने घरी द्यावी.

आतल्या थराला मार्जिन ठेवू नकोस, शिवणीच्या रेषेवरच काप. नाहीतर टोकाशी गाठोडं होईल.

आणि पलटायची कॉलर हवी असेल तर ती पहिल्या दिवसापासून तशीच शिव. नेहमी पान, म्हणजे कॉलरीचा बाहेर दुमडणारा भाग, पट्टीच्या दोन पदरांत अडकवतात, त्यामुळे उसवताना पट्टीही खोलावी लागते. तू पान चारही बाजूंनी पुरं करून घे, पट्टी वेगळी पुरी कर, मग पान पट्टीला एकाच टिपेने जोड. ती टीप साखळी टाक्याची घातलीस तर तांदळाच्या पोत्याच्या शिवणीसारखी एका टोकाने ओढली की सरकन सुटेल. फक्त ते टोक आत दडव आणि हाताने दोन टाके घालून बांध. पानाच्या दोन्ही बाजू सारख्याच नीट हव्यात, कारण उद्या आतली बाजू दर्शनी होणार आहे.

---

प्रतिसाद: हिरडा_बेहडा

निळीबद्दल सांगते, रंगकामात आहे. नीळ सुताशी बांधली जात नाही, धाग्यात शिरून तिथे अडकून बसते आणि जी वरवर राहते ती घासली की निघते. एकाच दाट बुचकळणीत गडद रंग काढला असशील तर तेच झालंय. फिक्या कुंडात आठ-दहा वेळा थोडा-थोडा वेळ बुडव, दर वेळी बाहेर काढून हिरव्याचा निळा पुरता होऊ दे, मग पुढची बुडी. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, कुंडातला जो चुना कापडात उरतो त्याचा जोर मार आणि गरम साबणाच्या पाण्यात खळखळून धू. पाणी निवळ येईपर्यंत. लोक या शेवटच्या कामाचाच कंटाळा करतात.

एवढं करूनही ओल्या घासणीला निळीची परीक्षा कठीणच जाते आणि माणसाची घामेजली मान म्हणजे ओली घासणीच. म्हणून मी तर कॉलरपट्टीची आतली बाजू रंगवणारच नाही. ती कोरी ठेव, नाहीतर हिरड्याच्या पिवळसर रंगात.

काळा करायला हिरडा आणि लोखंडाचं पाणी वापरायचा विचार असेल तर हात आखडता घे. लोखंड जास्त झालं की सूत कुजल्यासारखं होतं आणि वर्ष-दोन वर्षांनी नेमकं कॉलरीच्या घडीवर फाटतं. हळद अजिबात नको, उन्हात उडते.

दोरा सुती घे. पँटच्या आसनाला मात्र सुती दोरा कमी पडतो, तिथे दुहेरी टीप आणि चौबगला (सांध्यात बसवायचा चौकोनी तुकडा) टाक.

---

प्रतिसाद: पन्हा_३६

चिंध्यांबद्दल एकच विचारतो. तू नेण्याआधी त्या जात कुठे होत्या? आमच्या भागात बऱ्या मापाचे तुकडे किलोवर विकले जातात, बायका त्यांच्या गोधड्या-वाकळा शिवतात. तेच तुकडे तू उचललेस तर वाया काही जात नव्हतं, तू फक्त एकीच्या हातचं काम दुसरीकडे नेलंस. आधी ते शोधून काढ.

दुसरं म्हणजे, ३६ इंच पन्ह्यात पूर्ण बाहीचा शर्ट साधारण अडीच मीटर खातो. मोठ्या पन्ह्याच्या आखणीवर अरुंद कापड टाकलंस तर कापणीत बरंच वाया जाईल. आपली बाराबंदी, पैरण, कोपरी बघ. सगळी सरळ पट्ट्यांची, बगलेत चौबगला. अरुंद मागाच्या कापडातूनच ती बेतलेली आहेत.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस गप्प होते, कारण करून बघत होते.

कात्रीकाका, तुमची कॉलर केली. खादीचे दोन पदर आत, पट्टीवर सात आडव्या टिपा. पाच वेळा घरच्या मशिनमध्ये धुतली, एकदाही फुगली नाही. दुकानातल्या शर्टाइतकी कडक नाही, पण मानेला बसल्यावर जो गोल आकार घेते तो मला जास्त आवडला. साखळी टाक्याची टीप चौथ्या प्रयत्नात जमली. आईला उसवायला दिली, तिने एक मिनिटाच्या आत पान सुटं केलं. आजोबा असते तर त्यांनी शिवण हाताने चाचपून पाहिली असती.

हिरडाताई, जुने दोन शर्ट पुन्हा धुतले, चौथ्या पाण्यापर्यंत निळं येत होतं! नवा शर्ट दहा बुड्यांत केला आणि पट्टी आतून कोरी ठेवली. सुक्या पांढऱ्या फडक्याने घासलं तर डाग नाहीसाच, ओल्याने अजून थोडा येतो. हे अंदाजाने नको म्हणून कुठे तपासून मिळेल?

पन्हादादा, तुमचा प्रश्न जिव्हारी लागला. सोलापूरला जाऊन दोन कारखान्यांत विचारलं. तुम्ही म्हणता तसंच निघालं. वीतभर आणि त्याहून मोठे तुकडे गोधडीसाठी बायका घेऊन जातात. मी नेमके तेच उचलले होते. ते मी परत देतेय. कोणी घेत नाही त्या बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या, कापडाच्या काठाकडच्या. त्यांचं काय करता येईल ते बघतेय. पँट आता खादीच्याच करणार, नऊ नगांऐवजी सहाच होतील. मार्गदर्शकांना अजून सांगितलेलं नाही.

बाराबंदीवर मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. आखणी तिच्याकडूनच घेतेय, चौबगल्याचा शर्ट कापला तेव्हा मूठभर तुकडेच उरले. पण पुढून बंद बांधायचे नाहीत, काज-बटणच ठेवणार. करवंटीची बटणं आहेत. माझ्या भावाने तो रोज कामावर घालून जायला हवा, फक्त सणाला नको. खरी अडचण मापांची आहे. छाती ३८ ची आखणी पन्ह्यात चपखल बसते, ४२ केली की सगळं गणित मोडतं. यावर कोणी काम केलंय का?

---

प्रतिसाद: पन्हा_३६

मापं वाढवताना मधला तुकडा तोच ठेव आणि बगलेखालची पट्टी रुंद कर. कळीच्या सदऱ्यात तेच करतात. लांबीत थोडं जास्त कापड जाईल, ते मान्य कर.

तपासणीसाठी मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी आहे, घाटकोपरला बीटीआरए (बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन). घासणी, धुणं, घाम, ऊन अशा चारही चाचण्या आयएसओ १०५ (रंगाचा पक्केपणा तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे माग. उन्हाची श्रेणी १ ते ८ असते, बाकीच्या तिन्हींची १ ते ५. श्रेणी कमी आली तरी ती अहवालात छाप, लपवू नकोस.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद:

पुढच्या सोमवारी नमुने घेऊन मुंबईला जातेय. श्रेणी जी येईल ती प्रत्येक शर्टाच्या आतल्या पट्टीवर लिहिणार, कॉलर कशी पलटायची त्याच्या चित्राशेजारी.

आता शेवटची मदत. प्रयोगशाळेत घासणी कळेल, पण पुण्याच्या बसमध्ये उभं राहून जाणाऱ्या माणसाची मान कळणार नाही. छाती ३८ किंवा ४०, पुण्यात राहणारे तिघे जण हवेत. तीन आठवडे शर्ट एक दिवसाआड घालायचा आणि घरी नेहमी धुता तसाच धुवायचा. जपून वापरू नका. ज्यांना जमेल त्यांनी इथेच सांगा, शर्ट मी आणून देईन.