चार घरं, सात एकर: बाजारावाचून कितपत जमेल?

माघारी आलेला:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, मलप्रभेकाठचा. चौदा वर्षं चाकणला सीएनसी मशीनवर काढली, गेल्या दिवाळीला बायको-पोरांसकट माघारी आलो. आता चार घरांनी मिळून एक खूळ डोक्यात घेतलंय (हा आईचा शब्द). माझी आणि चुलतभावाची मिळून सात एकर: पाच भाताची, दोन माळ. सगळ्यांनी मिळून कसायची, दोन म्हशी, एक चूल, आणि बाजाराचं तोंड होईल तितकं कमी बघायचं. बाकीची दोन घरं मित्रांची. एक बेळगावचा सुतार, दुसरी पुण्यातली जोडी. त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही.

हिशोब मांडलाय. माणसं १८. माणशी महिन्याला १० किलो तांदूळ धरला तर वर्षाला २१-२२ क्विंटल, म्हणजे भात ३३ क्विंटलच्या आसपास. एकरी १५ जरी उतरलं तरी सव्वादोन एकरांत पोट भरतंय. अडतंय ते तेलाला. माणशी महिना किलोभर म्हटलं तर भुईमुगाच्या शेंगा पावणेआठ-आठ क्विंटल पाहिजेत, आणि आमच्या पावसात शेंग जमिनीतच कुजते. उन्हाळी घ्यावी तर माळाला पाणी नाही.

मीठ, डिझेल, शाळेची फी, दवाखाना, ह्याला पैसा लागणारच. तो कुठनं आणायचा? आणि जमिनीचं कागदावर काय करायचं? असं राहिलेलं कुणी आहे काय इथं?

हुदलीवाला:
आमच्या गावाकडं, बेळगावजवळच्या हुदलीकडं बघा. गांधीजींचे सहकारी गंगाधरराव देशपांडे आमचेच. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाची बैठक हुदलीत भरली तेव्हा गांधीजी स्वतः आले होते. खादी तेव्हापासून गावाच्या नावाला चिकटली. पण माझी आजी सूत कातायची ते स्वतःच्या लुगड्यासाठी नव्हे, मजुरीसाठी. कापड भांडारात जायचं, गिऱ्हाईक शहरातलं. स्वावलंबनाचं गाव म्हणून नाव झालं, तरी कुणीतरी विकत घेत होतं म्हणून चरखा फिरत होता.

अजून एक. गांधीजींनी १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म काढलं, तिथं चपला शिवण्यापासून सुतारकामापर्यंत सगळं हातानं. पण ती ११०० एकर जमीन कॅलनबाख ह्या मित्राची, वापरायला फुकट दिलेली. तुमच्या सात एकरांवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो फेडा. हप्ता असला की बाजार दारात येऊन बसतोच.

उचगावची आजी:
पोरा, तुझा हिशोब वाचला. तांदूळ मोजलास, तेल मोजलास. एक चूल म्हणतोस, ती फुंकणार कोण? १८ माणसांच्या भाकऱ्या म्हणजे दोन बायकांची सकाळ गेली, दुपारची भांडी वेगळीच.

आमच्यात पैरा होता. नट्टीच्या (भातलावणीच्या) दिवसांत आज आमच्या शेतात, उद्या त्यांच्या. चिठ्ठी नाही, वही नाही, सगळं सासूबाईंच्या डोक्यात. कुणी आजारी पडलं तर पोरीला पाठवायचं, पण दिवस फेडायचा म्हणजे फेडायचा. बैलजोडीच्या एका दिवसाला माणसाचे दोन दिवस. बाईच्या दिवसाला बाईचाच दिवस, पुरुषाचा चालायचा नाही, कारण त्यांना रोप लावता येत नव्हतं (अजून येत नाही). पैरा मोडला तो भांडणानं नाही. एका घरानं पॉवर टिलर घेतला, त्याला आमच्या बैलांची गरज उरली नाही, मग दुसऱ्यानं घेतला. तुमच्यातल्या सुताराचा दिवस आणि तुझ्या बायकोचा चुलीपुढचा दिवस सारखा धरणार काय? हे आधी ठरव, मग म्हशी घे.

लाल मातीतला:
आजींना शंभर मार्क. अमेरिकेत व्हर्जिनियात ट्विन ओक्स नावाची वसाहत १९६७ पासून चालू आहे. तिथं स्वयंपाक, मुलं सांभाळणं आणि विक्रीचं काम, सगळ्याचा तास एकाच मापानं धरतात. आणि पैसा येत आला तो झुले, टोफू असलं विकून.

मी स्वतः पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविल वसाहतीत सात महिने होतो. १९६८ साली सुरू झालं तेव्हा उजाड माळ होता, तुमच्यासारखाच. आज गर्द झाडी आहे. पण अन्नाच्या बाबतीत ते अजून बाहेरच्यावर अवलंबून. तिथल्या सामायिक सोलर किचनमध्ये जेवताना मला वाटायचं सगळं इथलंच. भाजी निवडायला बसलो तेव्हा बाहेरून आलेली पोती बघितली. राहतं घर तुमच्या मालकीचं होत नाही, ते ऑरोविल फाउंडेशनचं. सोडून जाणाऱ्याला हे बोचतं. जाणाऱ्याला काय द्यायचं ते तुम्ही आत्ताच लिहून ठेवा, गोडी आहे तोवर.

तेलाचा नाद सोडा. तांदूळ जादा होतोय ना? तो विका, तेल घ्या.

उताराबहाद्दर:
फक्त कागदाचं बोलतो. २०२० मध्ये कर्नाटकानं भूसुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढली. त्यामुळे पुण्याची जोडी शेतकरी नसली तरी इकडं जमीन घेऊ शकते. हेच पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडात करायला गेलात तर शेतकरी असल्याचा सातबारा आडवा येईल. पण लगेच सगळ्यांची नावं उताऱ्यावर घालू नका. उद्या प्रत्येकाची पोरं वाटणी मागतील, सात एकरांचे चौदा तुकडे होतील. वकिलाला विचारून आधी कसण्याचा करार करा.

माघारी आलेला:
बोजा आहे, सोसायटीचा, थोडाच. तो ह्या सुगीला फेडतो. आजी, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. पुढच्या बैठकीला मी नको, तीच जाते म्हणाली. सुतार मित्र गप्प बसलाय दोन दिवस.

ठरलंय इतकंच: एक पावसाळा जमीन ज्याची त्याच्या नावावर, नट्टी एकत्र, चुली वेगळ्या, आणि दिवसांची वही. माळावर आता रताळी लावावीत म्हणतोय. डुकरं आणि गवे ठेवतील काय? जंगलाला लागून कुणाचं शेत असेल तर सांगा.