प्रतिसाद: जुनी फाइल उतरवण्याआधी एक आकडा बघा

सॅमसंग फोनवर जुनं सॉफ्टवेअर परत आणायचं असेल तर 'जुनी फाइल मिळाली की ओडिनने (कॉम्प्युटरवरून फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकायचा प्रोग्रॅम) टाका, झालं' असं वर एकानं म्हटलंय, ते अर्धंच खरं. सॅमसंगच्या बिल्ड नंबरात (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नंबर) शेवटून पाचवं अक्षर बूटलोडरची, म्हणजे फोन सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती सांगतं (९ नंतर ए, बी असं पुढे जातं). फोनवर तिथे ५ आणि जुन्या फाइलीच्या नावात ४ असेल, तर फोन ती घेणारच नाही. दोन्हीकडे ५ असेल तर मागे जाता येतं, पण आतलं सगळं पुसलं जाणार असं धरूनच बॅकअप घ्या.

मला हे सांगलीत स्टँडजवळच्या एका दुरुस्तीवाल्या पोरानं दाखवलं. मी रात्रभर जागून फाइल उतरवून ऐटीत गेलेलो. त्यानं फाइलीचं नाव वाचलं आणि लॅपटॉपच मिटला. चहा मात्र पाजला.