कवडसा, तिरीप की प्रकाशझोत?

विश्रामबाग, सांगली:
आमच्या गटाने मेणवलीजवळच्या एका जुन्या वाड्यात लघुपट केलाय. गोष्ट अद्भुत प्रेमाची. कृष्णेत बुडालेला नवरा रोज दुपारी बायकोला भेटायला येतो, पण माणूस म्हणून नाही, माजघरातला उजेड होऊन. छायालेखनावरच्या टिपणात मी लिहिलं, 'कौलांच्या फटीतून कवडसा आला आणि तिच्या पावलापाशी थांबला.' मित्राने 'कवडसा' खोडून 'प्रकाशझोत' केलं. सिनेमावर लिहिताना तोच शब्द शोभतो म्हणे. मला तो खटकतोय, पण का ते सांगता येत नाही.

वाई:
ताई, झोत कुणीतरी टाकावा लागतो. बॅटरीचा झोत, मोटारीच्या दिव्यांचा झोत. नटावर टाकतात तोही झोतच, त्यामुळे तुमच्या नाट्यपंढरीत तो शब्द रुळलेला असणार. कवडसा आपला आपण येतो. आमच्या घरी कौल सरकलं की सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढा कवडसा पडायचा. आजीचं घड्याळ तेच. तो जात्यापाशी पोचला की पानं घ्यायची वेळ. कवडसा चालतो, रेंगाळतो, निघून जातो. रोज येऊन परत जाणाऱ्या नवऱ्याला दुसरा शब्द कशाला हवा?

मिरज:
तिरीप आणि कवडसा यांतही गल्लत नको. हवेतून तिरकी येते ती उन्हाची तिरीप, जमिनीवर किंवा भिंतीवर पडतो तो कवडसा. हवेत धूळ किंवा धूर असेल तरच तिरीप नजरेला दिसते, म्हणून तर शूटिंगला खोलीत धूर सोडतात. आणि लहानशा फटीतून पडलेला कवडसा गोल असतो, फट कशीही वेडीवाकडी असो, कारण ते सूर्याचंच उलटं चित्र असतं. सूर्यग्रहण लागलं की झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. कॅमेऱ्याचं तत्त्वही हेच. म्हणजे तुमचा नायक शब्दशः छायाचित्र आहे.

कराड:
मी कॅमेरा करतो, म्हणून एक भर घालतो. कवडसा सांभाळून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठेवलं की अंधाऱ्या माजघरात तिचा चेहरा काळोखात जातो. चेहरा सांभाळला की कवडसा पांढराफटक जळतो. दोघं एका चौकटीत एकाच वेळी नीट दिसतच नाहीत! अख्खा विरह तिथेच आला. टिपणात हे जरूर लिहा. थर्माकोल धरून तिच्या चेहऱ्यावर उजेड घेतला असता तर प्रसंग देखणा झाला असता, पण ही ओढ गेली असती. १९८७च्या 'विंग्ज ऑफ डिझायर' या चित्रपटात छायालेखक आंरी आलेकाँनी देवदूतांच्या नजरेतलं बर्लिन कृष्णधवल टिपलंय. प्रेमापायी एक देवदूत माणूस होतो तेव्हा त्याला रंग दिसतात. तिथे रंगाने जे केलं, ते तुमच्याकडे काळोखाने केलंय.

विश्रामबाग, सांगली:
थर्माकोल नव्हताच धरला! पण काका, शेवटी ती फडताळातला आरसा काढून उन्हात धरते आणि तो उजेड छपराच्या वाशांवर नाचवते. तिथे तरी 'झोत' म्हणावं लागेल ना? तो तिने टाकलाय.

वाई:
नाही, तोही कवडसाच. लहानपणी शाळेच्या भिंतीवर आरशाने कवडसे पाडले नाहीत का? ऊन सूर्याचंच, आरशाने फक्त वळवलेलं. माझं 'आपला आपण येतो' तेवढं अपुरं पडलं, ते दुरुस्त करतो: कवडसा येतो किंवा पाडतात, झोत टाकतात. 'टाकला' म्हटलं की त्यात जोर येतो, 'पाडला' म्हटलं की खेळ.

विश्रामबाग, सांगली:
मग शेवटचं वाक्य असं करते: 'इतके दिवस तो येत होता, आज तिने त्याला वाशांवर पाडला.' मित्रालाही 'पाडला' पटलं. तिरीप वरच्या परिच्छेदात घेतलीय, धुरासकट.