मदत हवी आहे: वजन वाढतंय, पण मूल मलूल होत चाललंय

शेवंती:
मुलगी, वय २० महिने, लांबी ७५ सेंमी. दहा दिवसांत वजन ८.४ वरून ८.९ किलो झालं. लांबीच्या मानाने वजन तक्त्यात साधारण गटात बसतं. दंडघेर १२१ मिमी, म्हणजे टेपच्या पिवळ्या पट्ट्यात. पण खेळत नाही, सारखी किरकिर करते, दोन चमचे खाल्ले की तोंड फिरवते. केस विरळ आणि तांबूस झालेत. चार दिवसांपासून प्रोटीन पावडर आणि लोहाचं औषध सुरू आहे. वजन वाढतंय म्हणजे सुधारणा समजायची का? प्रोटीन आणखी वाढवावं का?

मोजपट्टी:
प्रोटीन वाढवू नका. आधी पाय बघा. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठे टेकवा, तीन सेकंद दाबून धरा, मग उचला. दोन्हीकडे खळगा, म्हणजे सुजेची खूण, राहतो का? एकाच पायावर राहिला तर कारण वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही दाबा. नडगी, हात आणि पापण्याही बघा. ताप किंवा जुलाब आहेत का? लांबी झोपवून मोजली ना? दोन वर्षांखालच्या मुलाला उभं करून मोजलं तर सुमारे ०.७ सेंमी कमी भरते.

शेवंती:
झोपवूनच मोजली. खळगा दोन्ही पावलांवर राहतो, नडगीवरही थोडा. पापण्या सुजलेल्या नाहीत. ताप, जुलाब नाहीत.

मोजपट्टी:
मग आजच रुग्णालयात दाखल करा, उद्यावर ढकलू नका. हे वाढलेलं अर्धा किलो वजन म्हणजे मुख्यतः अंगात साठलेलं पाणी आहे. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत दंडघेर ११५ मिमीच्या खाली गेला की अतितीव्र कुपोषण, ११५ ते १२५ मध्ये मध्यम. पण कुपोषणामुळे दोन्ही पायांवर सूज आली की टेप आणि तक्ता काहीही सांगोत, ते अतितीव्रच धरतात. त्यात ही मलूल आहे आणि भूक मेलेली आहे, त्यामुळे घरी उपचार नकोत.

वाटेतली काळजी: साखर घसरणं आणि अंग गार पडणं या दोन गोष्टींनी अशी मुलं अचानक दगावतात. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर ५० मिली स्वच्छ पाण्यात एक शिगोशीग भरलेला छोटा चमचा साखर विरघळवून थोडं थोडं पाजा. अंगावर पीत असेल तर ते चालू ठेवा. डोक्याला टोपी घाला, उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. ताप नाही म्हणजे संसर्ग नाही असं समजू नका. या अवस्थेत शरीराला ताप आणायचीही ताकद नसते.

अबोली:
सूज उतरवायला लघवी वाढवणारं औषध कुणी सुचवलं तर देऊ नका, त्याने पोटॅशियम आणखी घटतं. लोहही आत्ता बंद. या काळात लोह बांधून ठेवणारी प्रथिनं कमी असतात, त्यामुळे मोकळं राहिलेलं लोह जंतूंच्या उपयोगी पडतं. वजन खऱ्या अर्थाने वाढू लागल्यावरच लोह देतात.

प्रोटीनबद्दलचा समज जुना आहे. या सुजेच्या आजाराचं क्वाशिओरकोर हे नाव डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये वैद्यकीय जगासमोर आणलं. शब्द घानातल्या गा भाषेतला. धाकटं भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार असा त्याचा अर्थ. पुढे कितीतरी वर्षं दोष फक्त प्रथिनांच्या कमतरतेला दिला गेला. प्रत्यक्षात सुरुवातीला यकृत आणि मूत्रपिंडांना जास्त प्रथिनांचा भार झेपत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यातल्या एफ-७५ दुधात १०० मिलीला ७५ कॅलरी आणि जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिनं असतात. मात्रा किलोमागे दिवसाला १३० मिली, सूज सर्वांगावर असेल तर १००. ८.९ किलोला दर दोन तासांनी साधारण ९५ मिली, रात्रीसुद्धा. तोंडाने संपलं नाही तर नाकातल्या नळीने.

शेवंती:
एवढंसंच का? उपाशी मुलाला भरपूर द्यायला नको?

अबोली:
एकदम भरपूर दिलं तर इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात. जीव जाऊ शकतो. भूक परतली, सूज उतरू लागली की मगच एफ-१०० (पुढच्या टप्प्यातलं जास्त कॅलरीचं दूध) किंवा तयार उपचारात्मक आहार, तोही हळूहळू वाढवत. तिथे गेल्यावर जुलाब लागले तर नेहमीचं ओआरएस आपल्या मनाने पाजू नका. त्यात या मुलांसाठी सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी पडतं. डॉक्टर रेसोमाल, म्हणजे अशा मुलांसाठीचं वेगळं ओआरएस, देतील.

मोजपट्टी:
एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल: उपचार लागू पडले की वजन आधी उतरेल, कारण पाणी निघून जातं. सूज पूर्ण गेल्यावरचं वजन हा खरा आरंभ. तिथून वाढ अशी मोजा: समजा ७ दिवसांत ८.१ चे ८.७ किलो झाले. ६०० भागिले ७, आलेला आकडा भागिले ८.१, म्हणजे किलोमागे दिवसाला सुमारे १०.६ ग्रॅम. दहाच्या वर असेल तर उत्तम. पाचच्या खाली असेल तर क्षयरोग, लघवीचा संसर्ग किंवा खाणं कमी पडतंय का, हे डॉक्टरांना विचारा.

लांबीचं उत्तर वेगळं आहे. या वयात मुलींची लांबी साधारण ८२-८३ सेंमी असते, त्यामुळे ७५ म्हणजे बुटकेपणा, बरेच महिने साठत आलेला. तो काही आठवड्यांत भरून निघत नाही. आत्ता तिकडे लक्ष नको. निघालात का?

शेवंती:
हो, गाडी आली. साखरपाणी घेतलंय, पावडर आणि लोहाची बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर ठेवली आहे.