'लागणे' ह्या एका क्रियापदाचे एकूण अर्थ तरी किती? वहिनी वैतागलीये

नाकावरचा_चष्मा
मंडळी मदत करा. माझी वहिनी लखनौची, लग्न होऊन पुण्यात आली, मराठी शिकायचा उत्साह दांडगा. सुरुवातीला म्हणायची की हे तर सोपंय, आमचं लगना तेच तुमचं लागणे, भूक लागली तहान लागली झोप लागली, झालं. परवा स्वारगेटला आई घाईघाईत ओरडली "चला चला, गाडी लागली!" तर हिने पर्समधून आवळासुपारी काढून आईच्या हातावर ठेवली, कारण त्याच्या आधी ताम्हिणी घाटात माझ्या पोराला 'गाडी लागली' होती तेव्हा आईने त्याला हेच दिलेलं. आता ती वहीच घेऊन बसलीये. दूध लागलं, निकाल लागला, कुत्रं मागे लागलं, थिएटरात पिक्चर लागला, श्रावण लागला, बोलणं मनाला लागलं, "हा तुझा कोण लागतो".. काही नियम आहे का ह्याला की नुसतं पाठच करायचं? आणि कॉलेजची पोरं "लागली रे" म्हणतात तेही सांगा, मला नीट समजावता आलं नाही (सासूबाई समोर होत्या 😅)

फोडणीचा_भात
नियम आहे, म्हणजे बऱ्यापैकी आहे. मूळ संस्कृत 'लग्', म्हणजे चिकटणे, भिडणे. ठेच लागते, ऊन लागतं, दूध पातेल्याच्या बुडाला लागतं, होडी धक्क्याला लागते, तशीच यष्टी फलाटाला लागते. नात्याचंही तेच, मामा लागतो म्हणजे त्या बाजूने जोडला गेलाय. आणि 'लग्न' हा शब्दही त्याच धातूचा, लग्न म्हणजे चिकटलेलं, त्यामुळे "लग्न लागलं" म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो. तेही फक्त अक्षता पडतात त्या क्षणापुरतं हां, पंगतीबिंगती उठल्या की मग "लग्न झालं".

आता गाडीचा घोळ. वहिनींना सांगा की वाक्यात माणसाला 'ला' चिकटलाय का ते बघायचं. नुसती "गाडी लागली" म्हणजे पळा, जागा पकडा. "त्याला गाडी लागली" म्हणजे पिशवी काढा. ज्याला 'ला' लागतो तो भोगणारा, त्याच्या हातात काही नसतं. मला उचकी लागली, तिला दृष्ट लागली, त्याला पत्त्यांचा नाद लागला. आपल्याकडे नोकरीसुद्धा माणूस मिळवत नाही, त्याला ती लागते, जुलाब लागल्यासारखी.

वाळव्याचा_गडी
तुमचं पुण्याचं शास्त्र चालू द्या, आमच्याकडं लागण म्हणलं की पहिला ऊसच. जुलै ऑगस्टात आडसाली लागण, ऑक्टोबर नोव्हेंबरात पूर्वहंगामी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत जी हुती तिचं नावच 'सुरू', ह्या तीन लागणी. ऊस तुटून गेला की बुडख्यातनं फुटून येतो तो खोडवा, तो लागणीचा न्हाई, आणि "रानात काय हाय, लागण का खोडवा?" हे आमच्यात पाव्हण्याला च्याच्या आधी विचारत्यात. २०२० ला टीव्हीवर दिवसभर अमक्याला लागण तमक्याला लागण चालू होतं तवा आमची आज्जी म्हणायची, एवढी लागण हाय तर पाणी कुठनं आणणार ही लोकं.

आणि दिवेलागण इसरू नका. त्यात कुणी आजारी पडत न्हाई.

कट्टा_नंबर_दोन
"लागली रे" म्हणजे "वाट लागली" चं शेपूट, वाट गळून पडली. मुंबईच्या हिंदीने हे आपल्याकडूनच उचललंय, वाट लग गई. पेपर हातात आल्यावर पहिला प्रश्न बघून जे तोंडातून निघतं ते हे. त्यात घाण असं काही नाही, सासूसमोर चालून जाईल, फक्त टोन बघा.

खरी मजा 'लावणे' मधे आहे. फिल्डिंग लावणे म्हणजे आधीपासून माणसं पेरून ठेवणे, मग ते बदलीसाठी असो नाहीतर पोरीसाठी. चुना लावला म्हणजे फसवलं. "दोन लावून आलाय" म्हणजे पिऊन आलाय. मेस लावली, क्लास लावला, कुकर लाव, एवढ्यावर तर आमचं अख्खं हॉस्टेल चाललं. आणि २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंचं "लाव रे तो व्हिडिओ" कोण विसरेल, त्यानंतर सहा महिने ऑफिसात प्रेझेंटेशन सुरू करताना कोणी ना कोणी ते म्हणायचंच.

भातखाचर
कोकणातून हजेरी. आमच्याकडे पावसात लावणी म्हणजे भाताची, गुडघाभर चिखलात वाकून. फडावरची लावणी बघायला मिळत नाही, कंबर मात्र दोन्हीत मोडते.

शुद्धलेखन_काका
वहिनींना एक आवर्जून सांगा. हिंदीत "मुझे लगता है", मराठीत "मला वाटतं". हल्ली मराठी घरातली मुलंसुद्धा "मला लागतं की पाऊस येईल" म्हणतात, ऐकून कसंतरी होतं. लागायचंच तर ते जिभेला, भाजी खारट लागते, आमटी गोड लागते. मत लागत नाही हो.
शिवाय 'तोंडी लावणे' म्हणजे लोणचं, कोशिंबीर, आणि 'तोंडी लागणे' म्हणजे नको त्या माणसाशी हुज्जत घालणे. एका मात्रेचा नाही, एका अक्षराचा फरक, पण ताटातला नि भांडणातला.

नाकावरचा_चष्मा
काका ती अगदी तस्संच बोलते!! "मला लागतं ह्यांना राग लागला" असं वाक्य काल झालं. 'ला' वाली युक्ती मात्र पटली तिला. आता पुढचा प्रश्न, "तो जाऊ लागला" आणि "त्याला जावं लागलं" ह्यात काय फरक, दोन्हीत तर लागलाच आहे.

फोडणीचा_भात
राग येतो, लागत नाही, हे वहीत आधी लिहा 😄
बाकी तीच युक्ती. "तो रडू लागला" म्हणजे आपला आपण सुरू झाला, जबरदस्ती नाही. "त्याला रडावं लागलं" म्हणजे 'ला' आला, आता सुटका नाही. लगनाच्या भरवशावर इथे फसायला होतं कारण हिंदीत ह्या दुसऱ्या ठिकाणी 'पड़ा' येतो, जाना पड़ा. पहिल्या ठिकाणी मात्र लगना चालतं, रोने लगा. तेवढी दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून द्या त्यांना. आणि 'लावणे' साठी कोणीतरी वेगळा धागा काढा, इथे उरकणार नाही ते.