धावणं, शाळा आणि घर : तुमचं काय सुटतं?

नमस्कार मंडळी.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. त्याआधी यवतेश्वरच्या घाटात पहाटे कुणी पळताना दिसलं, तर दूधवाला गाडी थांबवून विचारायचा, "काय झालं? पेट्रोल संपलं का?" आता जुलै लागला की रविवारी समर्थ मंदिराच्या पुढे चढाला सुरुवात होते तिथं ओळखीचे चेहरे भेटत जातात आणि त्यातले निम्मे मास्तर निघतात. मीही त्यातलाच. हायस्कूलला विज्ञान शिकवतो, संध्याकाळी काही मुलांना पळायला नेतो आणि स्वतः वेळ लावून शर्यती धावतो.

"सगळं छान जमतं हो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा त्यावर विश्वास नाही. दर हंगामात काहीतरी सुटतंच. ते आपण ठरवून सोडायचं की आपोआप निसटू द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून हा धागा. जे स्पर्धेसाठी धावतात आणि शिकवतात किंवा प्रशिक्षण देतात, त्यांनी लिहावं. काय सोडलं, कधी सोडलं, घरी कोण काय म्हणालं. पदकांचे फोटो नकोत, घड्याळाचे स्क्रीनशॉट तर मुळीच नकोत.

खेळशिक्षक, माण तालुका

माझी शाळा दहिवडीच्या पुढं. मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, तेव्हा आमच्याकडचं वारंच फिरलं. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी. पी. टी. उषाच्या १९८४ नंतर ट्रॅकवर ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय, आणि ती आमच्या तालुक्यातली! लगेच पालक म्हणायला लागले, सर, पोरींना तेच शिकवा. अहो, त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं उडी मारायला पाण्याचा खड्डा कुठून आणू? मग बाभळीचं खोड आडवं टाकलं, पलीकडं वाळू पसरली आणि सुरुवात केली.

आता मुद्द्याचं. शिट्टी आणि घड्याळ हातात असलेल्या माणसाला स्वतःला पळता येत नाही. मुलं ट्रॅकवर फेऱ्या मारत असताना माझं लक्ष त्यांच्या पायांकडं, हातांच्या झोक्याकडं, कोण तोंड वाकडं करतंय इकडं. त्यात माझा सराव मिसळला की दोन्ही वाया. म्हणून माझे वेगाचे सराव पहाटे एकट्याने, आणि संध्याकाळची वेळ पूर्ण मुलांची. फक्त सावकाश पळायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर असतो, तेही सगळ्यांच्या मागं. पुढं राहिलो तर चौदा वर्षांची पोरगी सरांना गाठायला बघते आणि सावकाश पळायचा दिवस तिथंच संपतो. मागं राहण्याचा फायदा असा की शेवटच्या पोरीशी बोलणं होतं. कोण नुसत्या चहा-बटरवर आलीय, कुणाच्या घरात भांडण चाललंय, कुणाचा बूट अंगठ्यापाशी फाटलाय, हे मागंच कळतं.

दुसरी अडचण कॅलेंडरची. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका झाला की जिल्हा, जिल्हा झाला की विभाग. ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढंमागं हेच. जन्मदाखले, ओळखपत्रं, एसटी, मुलांचे डबे, कुणाला तरी गाडी लागते. त्या महिन्यांत मी स्वतःची एकही शर्यत घेत नाही. माझा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. चाळिशी उलटलीय, मास्टर्स गटात पाच आणि दहा हजार पळतो. पावसाळ्यातल्या सगळ्या शर्यती सोडल्या, साताऱ्याची हिल हाफसुद्धा. मित्र चिडवतात, "माणचा माणूस असून घाटाला घाबरतो." चिडवू देत.

गणित शिक्षिका, सदर बझार, सातारा

लोकांना वाटतं माझी अडचण वेळेची आहे. ती पायांची आहे. दिवसभर फळ्यापुढं उभं राहणं हासुद्धा पायांना व्यायामच होतो, फक्त तो कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो. हे लक्षात घेऊन मी अवघड सराव अशा दिवशी ठेवते, ज्या दिवशी माझे तास कमी आहेत. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक लावलं की दुसऱ्या दिवशी माझं धावण्याचं वेळापत्रक बदलतं. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळं लांब पल्ला रविवारीच.

घाटाबद्दल एक सांगते. यवतेश्वरच्या चढाची सगळे धास्ती घेतात. मला उताराची वाटते. आपल्या शर्यतीत आधी चढायचं आणि मग त्याच वाटेनं उतरायचं. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलत असतात, त्यामुळं त्यांना बारीक बारीक इजा होते. ते दुखणं लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी पुरतं वर येतं. म्हणजे रविवारी शर्यत, सोमवारी "अगं, काहीच नाही झालं," आणि मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरच्या नववी 'ब'ला कठडा धरून. यावर उपाय म्हणजे आधीच्या आठवड्यांत थोडा थोडा उताराचा सराव. एकदा हलका मार बसला की स्नायू पुढच्या वेळी बऱ्यापैकी सावरतात. आणि दुसरा उपाय म्हणजे मंगळवारी चाचणी. मुलांनी हे ओळखलंय. शर्यतीची तारीख जाहीर झाली की नववी 'ब' अभ्यासाला लागते.

बायकांनी आणखी एक बघावं. मधे मी कायम दमलेली असायचे. बोर्डाचे पेपर तपासायचे असल्यामुळं तेच कारण असेल असं सगळ्यांनी धरलं. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ठीकठाक, फेरिटिन तळाला. शरीरातला लोहाचा साठा संपत आला होता. गोळ्या तर घेतल्याच, पण मधल्या सुट्टीत डबा झाल्या झाल्या चहा प्यायची सवयही मोडावी लागली, कारण चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. स्टाफरूममध्ये सगळे कप घेऊन बसलेत आणि आपण नुसतं बघायचं, हे घाटापेक्षा जड गेलं.

पहाटे एकटी जात नाही, दोघी-तिघी मिळून जातो, कानात काही घालत नाही. गोडोलीकडची कुत्री आता आम्हाला ओळखतात. धावण्याच्या दिवशी डबे नवरा करतो. पोळ्या जाड होतात. मुलांनी तक्रार केली, मी शांतपणे ऐकून घेतली, विषय संपला.

काय सोडलं? भिशी आणि मे महिन्यातली निम्मी लग्नं. एका आत्याबाईंचा राग अजून आहे.

भरती अकॅडमी चालवतो, कराडजवळ

तुमच्या सगळ्यांचं हौसेचं आहे, आमचं पोट पळण्यावर. या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, इथं पोरगं पळायला लागलं की घरच्यांना डोळ्यापुढं वर्दीच दिसते.

पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदाच्या आत काढलं तर २० गुण, मैदानी चाचणीच्या पन्नासातले. म्हणजे ४०० ची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, अशा सलग चार. पोरींना ८०० मीटर २:५० च्या आत. आकडा डोक्यात बसला की पोरगं रोज तोच काढायला बघतं. रोज ट्रायल! पंधरा दिवसांत नडगी धरून बसतं. मी आठवड्यातले बरेच दिवस सावकाश पळवतो, तर वडील येऊन सांगतात, "फी भरलीय, जरा जोरात पळवा की." त्यांना समजावण्यातच माझा निम्मा दम जातो.

त्यात जाहिरात कधी निघेल आणि मैदानी कधी लागेल याचा नेम नाही. शर्यतीची तारीख माहीत असणाऱ्याला कधी वाढवायचं, कधी उतरवायचं हे ठरवता येतं. आम्ही पोरांना वर्षभर असं ठेवतो की तारीख आली की थोड्या आठवड्यांत धार लावता यावी. सारखी धार लावत बसलं तर विळा झिजतो.

माझं स्वतःचं? विद्यापीठाला ५००० पळायचो. अकॅडमी सुरू केल्यापासून मी नुसता पेसर. सकाळी ह्या बॅचला वेग काढून दे, संध्याकाळी त्या बॅचला. पळणं भरपूर, पण सगळं दुसऱ्याच्या वेगानं. शरीर थकतं, आपली वेळ मात्र तिथंच. शेवटी रविवारची बॅच बंद केली. काही पोरं दुसऱ्या अकॅडमीत गेली. गेली ती गेली. रविवारी सकाळी आगाशिवच्या बाजूला एकटा पळतो आणि फोन घरी ठेवतो.

मी धावत नाही, माझे 'हे' धावतात

परवानगी न घेता लिहितेय. वरचं सगळं वाचलं. प्रत्येकजण काय सोडलं ते सांगतोय. पण सोडलेलं खाली पडून राहत नाही, कुणीतरी उचलतं. सिलेंडर, आईंची औषधं, धाकट्याच्या शाळेतली पालकसभा, रविवारी येणारे पाहुणे. आमच्या घरी ते मी उचलते. आमचे 'हे' शाळेत शिकवतात, संध्याकाळी मुलांना मैदानावर शिकवतात आणि रात्री नऊ वाजता झोपतात. नऊला! मला दिवसभरातलं काही सांगायचं असलं तर ते आठ ते नऊच्या मधेच.

मी भांडले नाही, नियम केला. शर्यत असो वा लांब पल्ला, रविवारी दुपारी झोपायचं नाही. घरात पाय ठेवल्यापासून रविवार माझा. गेल्या वेळी 'हे' गळ्यात पदक तसंच ठेवून मंडईत गेले होते. मेथी स्वस्त मिळाली म्हणे.

*(धागाकर्ता : वहिनी, तुमचा प्रतिसाद आमच्या स्टाफरूमच्या फलकावर लावायचा विचार होता. हिंमत झाली नाही. पण घरी बायकोला वाचून दाखवला, आता आमच्याकडेही दुपारची झोप बंद.)*

प्राध्यापक, सांगली

सातारकरांना घाट आहे म्हणून मिरवता, आमच्याकडे सगळं सपाट. आमराईत फेऱ्या मारा, नाहीतर विश्रामबागेच्या रस्त्यांवर. चढ हवा असेल तर मिरजेच्या पुढं दंडोबाच्या डोंगरावर जावं लागतं, ते सुट्टीच्याच दिवशी.

आमच्या जिल्ह्यातला एक माणूस या विषयावर लिहायला सगळ्यात योग्य. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. इंजिनिअरिंग शिकलेला, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवलेला, आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ ला गोळाफेकीच्या एफ-४६ (हाताला अपंगत्व असलेल्यांच्या) गटात १६.३२ मीटर फेकून रौप्य घेतलेला. तो धावपटू नाही हे मान्य, पण वर्गात शिकवणं आणि मैदानावर जगाशी झुंजणं एकाच माणसाला जमतं एवढं तर दिसतं. (धागाकर्त्याच्या मताला हा माझा विरोध समजा.)

मी मात्र तुमच्याच पंगतीतला. पूर्ण मॅरेथॉन सोडली. ४२.१९५ किलोमीटरची तयारी म्हणजे रविवारचे तीन-तीन तास पळणं, आणि त्यानंतर उरलेला दिवस माणूस सोफ्यावर. कॉलेजात नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कागदपत्रं, संशोधक विद्यार्थ्यांचे मसुदे. मग ५००० मीटरवर आलो. लोकांना वाटतं हे सोपं. एकदा जीव तोडून पाच हजार पळून बघा! पण तयारी दिवसाला तासाभरात बसते. मुंबई मॅरेथॉनला जानेवारीत सगळे मित्र जातात तेव्हा वाईट वाटतं, हे खरं आहे. तरी ज्या अंतराला न्याय देता येईल तेच घ्यावं असं माझं मत.

माजी विद्यार्थी, आता बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करतोय

सर स्वतः धावतात याचा आम्हाला फायदा झाला का? झाला. "सर, आज पाय जड आहेत" म्हटलं की त्यांना खरं-खोटं लगेच कळायचं. दुसऱ्या शाळेतल्या पोरांना तेच वाक्य बोलल्यावर दोन फेऱ्या जादा मिळायच्या.

तोटाही सांगतो. सरांची मोठी शर्यत जवळ आली की आम्हाला सराव फळ्यावर लिहिलेला मिळायचा आणि सर दिसायचे नाहीत. मोठ्या मुलांना चालायचं. सातवी-आठवीतल्यांचं मन लागायचं नाही, ते गोट्या खेळत बसायचे. उद्या मी शिकवायला लागेन तेव्हा काय करेन माहीत नाही. माझाही जीव अजून १५०० मध्ये आहे.

जिल्हा परिषद शिक्षिका, जावळी

माझी द्विशिक्षकी शाळा. चार इयत्ता, दोन बाई, आणि पोषण आहारापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सगळं आम्हीच. इथं क्रीडांगण म्हणजे शाळेपुढची थोडी सपाट जागा, तिच्याही कडेला खाचर.

दिवाळीनंतर रस्ता कोरडा असतो तेव्हा मी शाळेला पळत जाते. आदल्या दिवशी साडी आणि डबा ठेवायची पिशवी शाळेच्या कपाटात, संध्याकाळी परत यायला वडापची जीप. मुलं वाटेत भेटतात आणि शेवटच्या वळणापासून बरोबर पळतात, दप्तरासकट. केंद्रप्रमुख एकदा अचानक भेटीला आले आणि मी घामेघूम. त्यांनी शेरा चांगला लिहिला.

पावसाळ्यात हे बंद. आमच्याकडचा पाऊस म्हणजे समोरचा माणूस दिसत नाही. बूट वाळत नाहीत, रद्दी कोंबून चुलीपासून लांब ठेवायचे, तरी दुसऱ्या दिवशी ओलेच. त्यामुळं हिल हाफची तयारी मला घराच्या पायऱ्यांवरच करावी लागते.

यंदा सोबतच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, चारही वर्ग माझ्याकडे. नाव नोंदवलेलं नाही. मनात खूप होतं, पण धाग्याच्या नियमाप्रमाणे ठरवून सोडलं असं लिहिते. पुढच्या वर्षीची नोंदणी उघडली की कुणीतरी इथं टाका, आमच्याकडे नेट दोन दिवस उशिरा पोचतं.