दुधीची पोरं बोटभर होतात आणि गळतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ठाण्यात गच्चीवर रंगाच्या २० लिटरच्या डब्यात दुधी लावलाय. माती, शेणखत, कोकोपीट सारख्या भागात. वेल मांडवावर मस्त चढलाय, पण दीड महिना नुसती नरफुलंच येत होती. आता मादीफुलं येतायत (मागे इवलासा दुधी घेऊन येतात, बघूनच जीव हरखतो!). फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून ऑफिसातून आल्यावर मोबाईलच्या उजेडात नरफूल घासून परागीकरण करते. शेजारच्या काकू वरून बघून हसतात, हसू देत.

तरीही फळ बोटभर झालं की टोकाकडून पिवळं पडतं आणि गळतं. आतापर्यंत सात गेली. दोन फळांवर डिंकासारखा थेंब दिसला, ती फळमाशी का? की डबाच लहान पडतोय? पाणी रोज सकाळी, दुपारी पानं मात्र मलूल होतात. कामगंध सापळा (नर फळमाश्यांना वासाने ओढून अडकवणारा) एकाच वेलासाठी लावावा का, की फळाला कागदी पिशवी बांधून भागेल? शेंडा खुडू का?

मोगरा मात्र काही न करता ओंजळभर फुलतोय. दुधीचंच काय बिनसलंय, कुणी सांगेल का?